नकाशावरचे पट्टे

“नकाशावर पट्टे दिसले तर पुसू नकोस. आधी ते कोणाचे आहेत ते बघ.”

बाईंनी हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि तिनं मान डोलावली होती... नव्या नोकरीत पहिल्या दिवशी माणूस कशालाही डोलावतो तशी. बाई म्हणजे त्या मोजणीच्या मुक्कामाच्या प्रमुख. पन्नाशी ओलांडलेल्या, चष्मा कायम कपाळावर आणि बोलणं असं की एकेक शब्द विकत आणल्यासारखा. तिला वाटलं, बाई जुन्या वळणाच्या आहेत. हल्ली एक कळ दाबली की संगणक असले पट्टे साफ करून देतो. मग ते कोणाचे, हे विचारत कोण बसणार?

पुढे कोणाचे तरी ते निघाले, आणि त्या ‘कोणाचे’वर तिचा जीव टांगला गेला, ती ही गोष्ट.

मुक्काम होता एका बंद पडलेल्या शाळेच्या चार खोल्यांत. भोवती सपाट, नांगरून ठेवलेली शेतं, मधून गेलेला कोरडा कालवा आणि सतत वाहणारा वारा. वरून पाहिलं तर तिथे शोधण्यासारखं काहीच नव्हतं. पण खाली, माती आणि वाळूच्या दोन-तीन किलोमीटर जाड थराखाली, फार पूर्वी वितळलेला खडक पाताळातून वर घुसला होता आणि जमिनीवर पोचण्याआधीच थिजून बसला होता, असा बाईंचा अंदाज होता. तो नक्की कुठे, केवढा आणि किती खोल, हे न खणता सांगायचं होतं. असा खडक भोवतालच्यापेक्षा जड असतो, म्हणून त्याच्यावर जमिनीची ओढ केसभर जास्त भरते. त्याच्यात लोह असतं, म्हणून तिथे पृथ्वीचं चुंबकत्वही जरा वाढतं. दोन्ही मोजायचं. एकट्या गुरुत्वावर विश्वासायचं नाही, एकट्या चुंबकावरही नाही. दोघांनी एकाच जागेकडे बोट दाखवलं, तरच खरं.

गुरुत्व तिच्याकडे होतं. चुंबक त्याच्याकडे.

ओळख झाली ती दगडी कट्ट्यावर. शेतांच्या मधोमध एका झाडाखाली हा जुना कट्टा होता, आणि त्यात पितळेचा एक खिळा ठोकलेला. दर दोन तासांनी तिला त्या खिळ्यापाशी यावंच लागायचं. तिचं यंत्र म्हणजे मोठं नाजूक प्रकरण. दिवसभरात ते आपलं आपणच थोडं थोडं सरकत जातं, म्हणून सकाळी जिथून निघालो तिथे परत येऊन त्याला विचारायचं, बये, आता किती सरकलीस? जरा हादरा बसला की रुसायचं, ऊन लागलं की रुसायचं, जीपमध्ये मांडीवर घेऊन बसावं लागायचं. जीप चालवणाऱ्या काकांनी त्याचं नाव ‘सासूबाई’ ठेवलं होतं. ओघानंच ती झाली ‘सूनबाई’. लग्नाचा पत्ता नसताना. तिनं दोन-चार दिवस तोंड वाकडं करून पाहिलं, मग सोडून दिलं.

त्या दिवशी ती गुडघे टेकून, एक डोळा मिटून यंत्राचा बुडबुडा मध्यावर आणत होती. मागून आवाज आला...

“तुमच्या केसांत लोखंड आहे.”

तिनं मान वळवली नाही. बुडबुडा हलला असता. “असू दे.”

“असू देता येत नाही हो. मला याच जागी उभं राहून आकडा घ्यायचाय. चार पिना आहेत.”

आकडा वहीत उतरवून ती उठली. उंच, सडपातळ माणूस, पाठीवर पिशवी, पिशवीतून डोक्याच्या वर गेलेली काठी आणि काठीच्या टोकाला डब्यासारखं एक यंत्र. कमरेला पट्टा नाही, नाडी. पायात रबरी बूट. घड्याळ नाही, चष्म्याची दांडीसुद्धा प्लॅस्टिकची. दुसऱ्या मुक्कामावरून चुंबकाच्या मोजणीसाठी कोणी येणार असल्याचं बाईंनी म्हटलं होतं. तो हा.

“यंत्रावर कळलं, चार आहेत ते?”

“नाही...” तो जरा घुटमळला. “तुमचं होईपर्यंत उभा होतो ना. मोजल्या.”

तिनं एकेक पिन काढली. वाऱ्यानं केस तोंडावर आले. पन्नास पावलांवर जीप उभी होती, तिच्यात नेऊन ती पिना ठेवून आली आणि तोऱ्यात म्हणाली, “एक चुकलात. पाच होत्या.”

“पाचवी कानामागची. ती प्लॅस्टिकची आहे,” तो आकड्याकडे बघत म्हणाला. “राहू दे तिला.”

खरंच प्लॅस्टिकची होती. तिला हसू आलं आणि ते लपवायला तिनं यंत्राचं झाकण उगीचच दोनदा लावलं.

त्यानंतर दर दोन तासांनी तो कट्ट्यापाशी असायचा. चुंबकवाल्याला तिथे इतक्यांदा यायची गरज नसते. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा पुरतं. काका जीपच्या दाराला टेकून म्हणायचे, “या चुंबकाचं घड्याळ आपल्या सासूबाईंच्या घड्याळाशी बरं जुळतं.” तो ऐकू न आल्यासारखं करायचा. ती मात्र पिना लावायचीच बंद झाली. सोयीचं पडतं, म्हणून. असं ती स्वतःला सांगायची.

बोलणं म्हणजे तरी काय, पाच-दहा मिनिटांचं. तिच्या यंत्राला शांत व्हायला तेवढा वेळ लागायचा. तो एका खाणीच्या वस्तीत वाढला होता. वडील लवकर गेले. खाण बंद पडली, वस्ती उठली, आई मात्र तिथेच आहे, कुठे यायला तयार नाही. सात वर्षांचा असताना खाणीत सुरुंगाच्या वेळी एक पहार फुटून तिचे तुकडे उडाले होते आणि त्याच्या पाठीत घुसले होते, हेही त्यानं एकदा सांगितलं. पाठीवर वण आहे म्हणाला, पावसाळी हवेत खाजतो एवढंच. सगळं तेव्हाच काढलं, असं आई सांगते. हे सांगताना तो गवताची काडी चावत होता, आणि तिचं लक्ष त्या काडीकडे होतं... खरं सांगायचं तर काडीकडे नव्हतं.

चहाच्या वेळेनंतर ती दिवसभराचे आकडे संगणकात भरायची. त्याचेही. आणि तिथे ते पट्टे दिसले.

चुंबकाची मोजणी नांगरटीसारखी चालते. एक ओळ जायची, शेजारची ओळ यायची. त्याच्या नकाशावर जाणारी प्रत्येक ओळ पाच-सहा आकड्यांनी वर होती आणि येणारी तेवढीच खाली. सगळा नकाशा गादीच्या खोळीसारखा पट्ट्यापट्ट्यांचा. चुंबकवाल्यानं अंगावर लोखंड बाळगलं की असं होतं. तोंड फिरवलं की त्या लोखंडाचा परिणामही फिरतो. चाकू असेल, किल्ली असेल. तिनं कळ दाबली. पट्टे गेले. खालचा नकाशा गुळगुळीत झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. तीन आठवडे ती ते पट्टे पुसत राहिली.

मग एक दिवस कट्ट्यावर तिनं चेष्टेत विचारलं, दुसऱ्यांच्या पिना मोजता, स्वतःच्या खिशात काय घेऊन फिरता? त्यालाही आधी चेष्टाच वाटली. त्यानं खिसे उलटे करून दाखवले. एक रुमाल, पेन्सिलीचा तुकडा, कागदात गुंडाळलेल्या दोन लिंबाच्या गोळ्या. त्यातली एक त्यानं तिला देऊ केली. तिनं घेतली नाही.

“मग रोजच्या रोज ते पट्टे कुठून येतात?”

“माहीत नाही. माझ्या अंगावर काही नसतं.”

“म्हणजे आकडे खोटं बोलतात?”

हे तिला बोलायचं नव्हतं. म्हणजे, अशा आवाजात बोलायचं नव्हतं. त्यानं खिसे नीट आत घातले. “तीन वर्षं हे काम करतोय,” तो म्हणाला. “बुटाला शिलाईचा खिळा चालत नाही म्हणून रबराचे घालतो. उन्हाळ्यात पाय शिजतात. आणि मी किल्ली घेऊन फिरेन...” तो गोळी कट्ट्यावर ठेवून निघून गेला.

दोन दिवस तो कट्ट्यावर आला नाही. काकांनी विचारलं, सूनबाई, आज चुंबक कुठे चिकटला? ती वाकून यंत्राचा बुडबुडा बघत राहिली. 

तिसऱ्या दिवशी आला तो कमरेवर हात ठेवून. महिनाभर पाठ दुखत होती, आता डावा पायही मुंग्या आल्यासारखा होतो म्हणाला. गावातल्या डॉक्टरांनी शहरातल्या दवाखान्याची चिठ्ठी दिली होती. गुरुवारी एमआरआय काढायचा होता. “आता माझीच मोजणी,” तो म्हणाला. राग गेला होता की नुसता झाकला होता, तिला कळेना. “तीन वर्षं पृथ्वीचा चुंबक मोजला, आता एक मोठा चुंबक मला गिळून मोजणार.” फॉर्मही भरला होता त्यानं. त्यात विचारलं होतं, शरीरात धातू आहे का. त्यानं ‘नाही’वर खूण केली होती.

तिनं फक्त एवढंच म्हटलं, काळजी घ्या. आणि मग दिवसभर स्वतःला कोसत बसली, की ‘चुकले’ हा एक शब्द तोंडातून निघायला काय झालं होतं.

मंगळवारी बाईंनी त्याला विश्रांती घ्यायला लावली आणि त्याच्या उरलेल्या ओळी तिला चालायला सांगितल्या. तेच यंत्र, तीच पिशवी, तीच काठी. पिशवीचे बंद त्याच्या उंचीला बांधलेले होते, तिनं ते आवळले तर त्यातून त्याच्या घामाचा आणि लिंबाच्या गोळीचा वास आला. ढेकळांमधून आदल्या दिवशीच्या त्याच्या पावलांचे ठसे शेजारून जात होते. उजवं पाऊल खोल, डावं अर्धवट. हा माणूस लंगडतोय आणि बोलला नाही, तिला वाटलं. चार ओळी गेली, चार ओळी आली. बारीक भुरभुर सुरू झाली होती. ठसे हळूहळू मऊ होत होते, आणि ते बुजू नयेत असं तिला उगीच वाटत राहिलं.

बुधवारी सकाळी तिनं ते आकडे नकाशावर चढवले.

पट्टे नव्हते.

तिच्या आठ ओळी एकमेकींना अशा जुळल्या होत्या की मध्ये सांधा दिसत नव्हता. आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना त्याच्या ओळी... वर-खाली, वर-खाली. तिचं बोट सवयीनं त्या कळेवर गेलं, आणि तिथेच थांबलं.

यंत्र तेच होतं, म्हणजे दोष यंत्रात नव्हता. पट्टे त्याचेच, आणि याआधीच्या मुक्कामांवरही कोणीतरी ते असेच कळ दाबून पुसले असणार. खिसे रिकामे तिनं स्वतः पाहिले होते. पट्टा नाही, घड्याळ नाही, बुटात खिळा नाही. तरी लोखंड आहे, आणि ते तो जिथे जातो तिथे त्याच्याबरोबर जातं, अंगावरून न उतरता...

 पहारीचे तुकडे. सगळं तेव्हाच काढलं, असं आई सांगते.

आणि उद्या गुरुवार. त्या मशीनमधला चुंबक पृथ्वीच्या तीस हजार पट असतो. पाठीच्या कण्याशी बसलेला पोलादाचा तुकडा त्यात गेला तर जागचा हलेल, वळेल. तिथून पायाकडे जाणाऱ्या नसा असतात. तो चालणारा माणूस होता. चालणं हाच त्याचा धंदा होता.

ती बाईंच्या खोलीत गेली. नकाशा पुढे केला आणि कसंबसं सांगितलं, की पट्टे मी पुसत होते. तुम्ही नको म्हटलं होतं, तरी. बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एका ओळीवरून बोट नेलं, शेजारच्या ओळीवरून परत आणलं. मग म्हणाल्या, “नुसतं सांगून त्याला पटणार नाही. आईनं सांगितलंय म्हटल्यावर तर नाहीच. मोजून दाखव.”

दुपारी त्या नांगरलेल्या शेताच्या मध्यावर लाकडी तिकाटणं उभं राहिलं आणि त्यावर चुंबकाचं यंत्र. काकांनी जीप पार कालव्यापलीकडे नेली. तिनं कानातले डूलसुद्धा काढून ठेवले होते. तो सुती सदरा आणि नाडीची विजार घालून, अनवाणी, चाळीस पावलांवर उभा होता. वैतागलेला दिसत होता. तिनं बोलावलं म्हणून आला होता, तेवढंच.

“एकेक पाऊल पुढे या. मी आकडे वाचते.”

तिनं वाचायला सुरुवात केली. तोच आकडा, तोच आकडा, पुन्हा तोच. दहा पावलांवरही तोच. त्यानं भुवया वर केल्या. बघा, काही नाही, अशा अर्थानं. पाच पावलांवर शेवटचा अंक एकानं हलला. तिचा आवाजही. तीन पावलांवर चारानं. एका पावलावर तिनं आकडा वाचला आणि तो जागीच थांबला. त्याला आकड्यांची भाषा तिच्यापेक्षा चांगली कळत होती.

“वळा,” ती म्हणाली. “पाठ इकडे.”

तो वळला. आकडा एकदम चढला.

मग तिनं यंत्र काढून हातात घेतलं आणि त्याच्या पाठीवरून, सदऱ्याला न टेकवता, हळूहळू खाली आणलं. मानेपाशी काही नाही. खांद्यांच्या मध्ये थोडं. खाली... आणखी खाली... जरा डावीकडे. जमिनीखालचा खडक शोधताना मैलामैलानं सरकायचं, इथे बोटाबोटानं. ती प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचत होती, आणि प्रत्येक आकड्याबरोबर तिचा आवाज बारीक होत होता.

“वाचणं थांबवू नका,” तो म्हणाला. पुढेच बघत. “ऐकतोय मी.”

कमरेच्या वर, कण्याच्या डाव्या अंगाला आकडा सगळ्यात मोठा होता. दोन बोटं इकडे गेलं तरी उतरायचा, दोन बोटं तिकडे गेलं तरी. खूप खोलचं काही असलं तर आकडा पसरट चढतो, दूरवरून कळत जातो. जवळचं असलं तर असा टोकदार. तिनं एक वीत मागे सरकून पुन्हा मोजलं, वहीत गुणाकार केला, पुसला, पुन्हा केला.

“किती खोल?” त्यानं विचारलं.

“चार बोटं.”

कालपासूनची भुरभुर आता थांबली होती. दूर काकांनी जीपचं दार लावल्याचा आवाज आला. तो तसाच पाठमोरा उभा राहिला, आणि सदऱ्याखाली त्याचा श्वास खालीवर होताना तिला दिसत होता.

शाळेच्या ओट्यावर बसून त्यानं आईला फोन लावला. ती उठून जायला लागली, तर त्यानं मानेनंच ‘थांब’ म्हटलं. आधी जेवलीस का, गुडघे कसे आहेत, हे सगळं विचारून झालं. मग म्हणाला, आई, माझ्या पाठीतलं सगळं निघालं होतं ना? पलीकडे आवाज नाही. त्यानं फोन कानापासून दूर धरला, लागतोय की नाही बघायला. पुन्हा तेच विचारलं. मग आवाज आला तो इतका हळू, की वाऱ्यात शेजारी बसलेल्या तिला तो अर्धाच ऐकू आला.

“एक राहिला होता रे, राजा.”

मग सगळं बाहेर आलं, तुटक तुटक. डॉक्टर म्हणाले होते, नसेला चिकटून आहे, काढायला गेलो तर पोर चालायचं नाही, राहू दे. आई ऐकून आली आणि कोणालाच बोलली नाही. पोराला कळलं तर ते धावायचं बंद होईल, भिऊन भिऊन चालेल. वस्तीला कळलं तर त्याला बिघडलेला म्हणतील. कामावर घेणार नाहीत, मुलगी देणार नाहीत. नंतर सांगू, नंतर सांगू म्हणता म्हणता तो एवढा मोठा झाला, की सांगायची हिंमत राहिली नाही. लहान होता तोवर रोज अंघोळ घालताना ती तळव्यानं चाचपून बघायची, तुकडा सरकला तर नाही. मग त्यानं अंघोळ घालू देणं बंद केलं. तेव्हापासून नुसती बघत आली होती. तो कसा उठतो, कसा वाकतो.

त्यानं फोन ठेवला. उद्या मशीनमध्ये जाणार होतो, हे त्यानं आईला सांगितलं नाही.

“तेवीस वर्षं,” तो एवढंच म्हणाला. तोंड दगडासारखं झालं होतं.

ती त्याच्या आईची बाजू घेऊ शकली असती. तिला घ्यावीशीही वाटली. पण त्याआधी तिला स्वतःचं ओझं टाकायचं होतं.

“मीही पुसत होते,” ती म्हणाली. “तीन आठवडे. रोज तुमचे पट्टे यायचे, आणि मी बघायची नाही. वर तुम्हालाच खोटं पाडलं. काल आठ ओळी मी चालले नसते, तर उद्या... उद्या तुम्ही...” 

तो तिच्याकडे वळला. डोळे भरले होते, पण आवाज शांत होता.

“आज सकाळी कळ दाबली नाहीस ना?”

“नाही.”

“मग झालं तर.” आणि थोड्या वेळानं, ओट्याच्या फरशीकडे बघत, “माझ्या आत काय आहे ते मलाही माहीत नव्हतं. तू चार बोटं म्हणालीस ना, तेव्हा भीती वाटली नाही. वाटलं, हिला सापडलो. एवढंच वाटलं.”

तिनं हात पुढे केला नाही, त्यानंही नाही. पण दोघांच्या मध्ये ओट्यावर जी हातभर जागा होती, ती काका चहा घेऊन येईपर्यंत राहिली नव्हती.

गुरुवारी एमआरआयच्या जागी साधा एक्स-रे निघाला. करंगळीच्या नखाएवढा पांढरा ठिपका, कण्याला खेटून. फॉर्म भरून घेणाऱ्या माणसानं तो पाहिला आणि ‘नाही’वरची खूण स्वतःच्या हातानं खोडली. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, तुकडा हलवायचा नाही, ओझं उचलायचं नाही, व्यायाम रोज करायचा. आणि त्या मशीनच्या खोलीत जन्मात पाऊल टाकायचं नाही.

चुंबकाचं काम मात्र संपलं. ज्याच्या पाठीतच लोखंड, तो चुंबक कसा मोजणार? हे त्याला दुखण्यापेक्षा जास्त लागलं. दोन दिवस तो रबरी बुटांकडे बघत बसला. बाईंनी तिसऱ्या दिवशी दोघांना बोलावून एका वाक्यात निकाल लावला. गुरुत्वाच्या यंत्राला लोखंडाचं सोयरसुतक नाही, ते आता त्यानं करायचं, यंत्र उचलतील काका, चुंबक तिनं चालायचा. आणि मागच्या सगळ्या ओळी तिनं पुन्हा चालायच्या. पुसलेल्यासकट.

गंमत अशी झाली, की आता तिला आकडा घ्यायचा असला की त्याला दूर जावं लागायचं. ज्या कट्ट्यावर भेटायचं, तिथेच तिनं त्याला हाकलायचं. असं दोन आठवडे चाललं. शेवटची ओळ संपली त्या दुपारी ती पाठीवर काठी घेऊन कट्ट्यापाशी आली, तो खिळ्याजवळ बसला होता.

“उठा,” ती म्हणाली. सगळ्यांसमोर अजून ती ‘तुम्ही’च म्हणायची.

तो उठून वीस पावलं गेला. “इथे चालेल?”

“अजून.”

“इथे?”

“आणखी लांब.”

तो शेताच्या पार त्या टोकाला जाऊन उभा राहिला, हात मागे बांधून, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा. तिनं आकडा घेतला. वहीत लिहिला. यंत्र बंद केलं, पिशवी उतरवली, काठी कट्ट्याला टेकवून ठेवली. मग हात हलवला.

तो आला. पाच पावलांवर थांबला. सवयच लागली होती.

“किती जवळ येऊ?”

“ये ना,” ती म्हणाली. “आता मला काही मोजायचं नाहीये.”

नवा नकाशा झाला तेव्हा बाईंनी तो भिंतीवर लावला. त्यात एकही पट्टा नव्हता. मध्ये एक मोठा, पसरट, शांत उंचवटा, आणि त्याच्यावर गुरुत्वाचा उंचवटा ठेवला तर दोन्ही बरोबर एकमेकांवर बसले. तीन किलोमीटर खाली खडक होता. बाईंनी तिथे फुली मारली आणि काकांना म्हणाल्या, आज चहात साखर जास्त टाका.

लग्नाआधी दोघं त्याच्या आईकडे गेले. त्याचा राग पुरता निवला नव्हता, हे तिला ठाऊक होतं. आईनं दार उघडलं, मुलाकडे पाहिलं नाही, हिच्याकडे पाहिलं, आणि स्वयंपाकघरात नेऊन पहिला प्रश्न विचारला तो हा, की फार दुखतं का गं त्याला? मला सांगणार नाही तो.

तो दारात उभा राहून ऐकत होता. आत आला, आईसमोर जमिनीवर पाठमोरा बसला आणि सदरा वर केला.

“बघ,” तो म्हणाला. “तूच बघ. सरकलाय का?”

आईचा हात आधी हवेतच राहिला. मग तिनं तळवा ठेवला, वणावर नाही, वणाच्या दोन बोटं खाली, न चाचपडता, बरोबर जागेवर. डोळे मिटून कितीतरी वेळ तसाच ठेवला.

“नाही,” ती म्हणाली. “आहे तिथंच आहे.”

आता ते दोघं लांब आहेत, दुसऱ्या मोजणीवर. त्यांना एक मुलगी आहे. सहा महिन्यांची, सारखी कुशीवर वळू पाहते. दोघांपैकी एकाचा डोळा कायम तिच्यावर असतो. त्याची आई मात्र अजून त्या वस्तीतच आहे. रोज फोनवर ‘मी बरी आहे’ म्हणते. परवा बोलताना मध्येच तिला धाप लागली, आणि विचारलं तर म्हणाली, हसले म्हणून.

म्हणून एक विनंती आहे. कधी एखाद्या बंद खाणीवरून तुमचा रस्ता गेला, तर खाली उतरा. घरं बहुतेक रिकामी आहेत. शेवटच्या घराच्या दाराशी एक निळी बादली उपडी घातलेली असते. दार उघडायला उशीर लागेल, थांबा. बरी आहे म्हणेल, तेवढ्यावर मागे फिरू नका. पाणी मागा, आत बसा, आणि ती पाणी आणायला उठते कशी, चार पावलं चालते कशी ते बघा. काही वेगळं वाटलं तर त्या दोघांना कळवा. ती स्वतः कळवणार नाही.